चेलो, सिम्फनी आणि हिंगोली : 'हे आपले नव्हे' या समजाची उलटतपासणी

१/
सिम्फनी वाद्यवृंदाच्या मैफलीचा एक साचा जगभर रूढ आहे. पूर्वार्धात एका एकल वादकासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो, मग मध्यंतर, उत्तरार्धात सिम्फनी. अंतोनीन द्वोर्झाकचा बी मायनरमधला चेलो कॉन्चेर्टो आणि त्याचीच नववी सिम्फनी, ही अशा मैफलींतली लोकप्रिय जोडी. अशी मैफल हिंगोली जिल्ह्यात व्हावी असे कोणी सुचवले, तर दोन टोकांकडून नकार येईल. हा धागा त्या दोन नकारांविषयी.

२/
पहिला नकार अभिमानाचा : हे गोऱ्या साहेबाचे संगीत, नामदेवांच्या भूमीत त्याचे काय काम? दुसरा नकार शिष्टपणाचा : तिकडे ऐकणार कोण? पहिला नकार देणारे गावच्या पारावर बसतात, दुसरा देणारे नरिमन पॉइंटला. त्यांचे एकमेकांशी कधी पटत नाही. मात्र गृहीत दोघांचे एकच आहे : प्रत्येक संगीताला एक कायमचा पत्ता असतो आणि हिंगोलीचा पत्ता निराळा. या गृहीताला इतिहासात आधार सापडत नाही.

३/
आरंभ 'साहेबाच्या संगीता'पासून करावा. द्वोर्झाक हा कोणत्याही साम्राज्याचा साहेब नव्हता. १८४१ साली तो प्रागजवळच्या नेलाहोझेव्हेस या खेड्यात जन्मला. वडील खाटीक, शिवाय खानावळ चालवणारे. चेक लोक तेव्हा हाब्सबुर्ग राजवटीखाली होते आणि दरबार, शिक्षण व प्रतिष्ठेची भाषा जर्मन होती. पुढे कीर्ती मिळाल्यावरही बर्लिनच्या प्रकाशकाला मुखपृष्ठावर 'आंटोन' असे जर्मन वळणाचे नाव छापायचे होते आणि द्वोर्झाक स्वतःच्या चेक नावासाठी अडून बसला होता. परकी सत्ता म्हणजे काय, हे निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याने या माणसाला समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

४/
मग खाटकाच्या मुलाच्या हाती व्हायोलिन आले कोठून? गावच्या शाळामास्तरांकडून. बोहेमियात खेड्यातला शिक्षक हाच चर्चमधला ऑर्गनवादक आणि संगीतशिक्षक असे. त्याला 'कांटोर' म्हणत. द्वोर्झाकने पहिले धडे गावच्या मास्तरांकडे घेतले, पुढचे झ्लोनित्से गावच्या अंतोनीन लीमान या मास्तरांकडे. १८५७ साली तो प्रागला ऑर्गन विद्यालयात गेला, तेव्हा त्याचा पाया खेड्यातच घातला गेला होता. त्यानंतर १८७१पर्यंतची वर्षे त्याने नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवून पोट भरले. व्हायोला म्हणजे वाद्यवृंदातले असे वाद्य, ज्याच्याकडे श्रोत्याचे लक्षही जात नाही.

५/
हा अपवाद नव्हता. १७७२ साली चार्ल्स बर्नी नावाचा इंग्रज संगीत-इतिहासकार बोहेमियातून प्रवास करीत होता. चास्लाव या गावी तो शाळेत शिरला, तर लहान मुले-मुली लिहिण्यावाचण्याबरोबरच व्हायोलिन, ओबो, बसून वाजवायला शिकत होती आणि एका बाजूला कळवाद्यांवर सराव चालला होता. बर्नीने हे नवलाने नोंदवून ठेवले. या प्रदेशातून युरोपभर वादक का जातात, या कोड्याचे उत्तर त्याला राजवाड्यात मिळाले नाही. ते एका गजबजलेल्या शाळेच्या खोलीत मिळाले.

६/
१८९२मध्ये द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचा संचालक झाला. जेनेट थर्बर या बाईंनी स्थापलेल्या त्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता. गुलामीतून मुक्त झालेल्यांच्या नातवंडांपैकी एक, हॅरी बर्ली, तेथेच शिकत होता आणि द्वोर्झाकला आपल्या आजोबांकडून आलेली गीते गाऊन दाखवीत असे. १८९३च्या मे महिन्यात द्वोर्झाकने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रातून जाहीर केले की अमेरिकेचे भावी संगीत या कृष्णवर्णीयांच्या गीतांवर उभे राहायला हवे. प्रतिष्ठित समीक्षकांना ते मानवले नाही. बोस्टनमध्ये त्याची टर उडवली गेली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्ये नववी सिम्फनी प्रथम वाजली. 'गोऱ्यांचे संगीत' हे लेबल चिकटवणाऱ्यांनी हा प्रसंग मुद्दाम वाचावा.

७/
चेलो कॉन्चेर्टोही न्यूयॉर्कमध्येच लिहिला गेला, नोव्हेंबर १८९४ ते फेब्रुवारी १८९५ या काळात. चेलो हे वाद्य एकल वादनाला अपुरे, असे द्वोर्झाकचेच मत होते : वरच्या पट्टीत नाकात बोलते, खालच्या पट्टीत पुटपुटते. एकटा चेलो साठ-सत्तर वाद्यांच्या लोंढ्यात बुडून जातो, ही खरी अडचण. ती त्याने वाद्यवृंदाला मागे सारून सोडवली : चेलो बोलतो तेव्हा बासरी, क्लॅरिनेट, हॉर्न एकेकटे येऊन त्याच्याशी संवाद करतात. कीर्तनकाराने निरूपण धरले की टाळकरी हात आवरतात आणि अभंगाच्या चालीवर पुन्हा उसळतात, हे ज्याने नर्सीत पाहिले आहे त्याला ही रचना समजायला वेळ लागू नये.

८/
दुसऱ्या भागात द्वोर्झाकने स्वतःच्या एका जुन्या गीताची चाल गुंफली. ते गीत त्याची मेहुणी जोसेफिना हिला प्रिय होते आणि तेव्हा ती आजारी होती. मे १८९५मध्ये ती वारली. द्वोर्झाकने शेवट पुन्हा लिहिला, त्यात ती चाल परत आणली. ज्याला ही कृती अर्पण केली त्या हानुश विहान या चेलोवादकाला अखेरीस आपले कौशल्य दाखवण्यासाठी मोकळी जागा हवी होती. द्वोर्झाकने ठाम नकार दिला. शोकाच्या जागी कसरत नको, एवढाच त्याचा आग्रह. १९ मार्च १८९६ रोजी लंडनला ही कृती प्रथम वाजली ती लिओ स्टर्नच्या हातून.

९/
आता भारत. बोहेमियाच्या कांटोरचा जुळा भाऊ येथेही होता. त्याचे नाव 'मेस्त्र'. सोळाव्या शतकापासून गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळा निघाल्या. तेथे मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. या शाळांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याच राजवटीत १५६०पासून इन्क्विझिशनही होते. हे झाकण्याचे कारण नाही. पण शाळेचा हेतू आणि शाळेतून निघालेल्या मुलाचे आयुष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुले इंग्रजी शिकले ते मिशनऱ्यांच्या शाळेत; म्हणून सत्यशोधक समाज मिशनऱ्यांचा ठरत नाही.

१०/
गोव्यात पोटापुरते काम नव्हते. म्हणून स्वरलिपी वाचता येणारी ही पोरे ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, मूकपटगृहांच्या खड्ड्यात आणि मुंबईच्या हॉटेलांत पसरली. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा गोव्याचे वादक, पारशी हौशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले वादक आणि काही युरोपीय अशी त्याची बांधणी होती. आज या वाद्यवृंदाची आठवण बहुधा 'झुबिन मेहतांच्या वडिलांचा' एवढीच निघते. संचालकाचे नाव राहिले, आसनांवरची नावे गेली.

११/
त्याच वेळी, १९३४मध्ये, वॉल्टर कौफमान मुंबईत उतरला. जन्म बोहेमियातल्या कार्लोव्ही व्हारीचा. म्हणजे द्वोर्झाकच्याच प्रदेशातला. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या युरोपात त्याला जागा उरली नव्हती. मुंबईत त्याने चेंबर म्युझिक सोसायटी काढली. तो पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर, एदिजिओ व्हेर्गा हा इटालियन चेलोवर. १९३७ ते १९४६ तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता.

१२/
याच कौफमानने आकाशवाणीची ती धून रचली. तानपुऱ्याच्या षड्जावर व्हायोलिनने उमटणारी, शिवरंजनीची छाया असलेली. पहाटे केंद्र सुरू होताना दशकानुदशके ती वाजली : वसमतच्या चहाच्या टपरीवर, कळमनुरीच्या ओसरीत, सेनगावच्या शेतातल्या आखाड्यावर. 'हिंगोलीचा आणि बोहेमियाचा संबंध काय' असे विचारणाऱ्याच्या आजोबांची सकाळ एका बोहेमियन निर्वासिताच्या सुरांनी होत होती. त्यांनी ते सूर कधी परके मानल्याची तक्रार कोणी ऐकलेली नाही.

१३/
आणि चेलो? चेलोही हिंगोलीने ऐकलेला आहे. फक्त त्याचे नाव तिला कोणी सांगितले नाही. १९४९-५०नंतर हिंदी चित्रपटगीतांत तंतुवाद्यांचे मोठे ताफे आले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी हे वाद्यवृंदलेखन गोव्याचे सेबॅस्टियन डिसूझा करीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासोबत गोव्याचेच चिक चॉकलेट होते. विरहगीताच्या दोन कडव्यांमध्ये खालच्या सुरात जे हुंदक्यासारखे काही सरकत जाते, ते बहुतेक वेळा चेलो असतात. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, लग्नघरच्या लाउडस्पीकरवर आणि विविधभारतीवर ते मराठवाड्याने पोटभर ऐकले.

१४/
रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र गायक, गीतकार, संगीतकार. वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळत, नाव मिळत नसे. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे यातले ठसठशीत उदाहरण. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. चित्रपटांच्या स्टुडिओंतले वादक, रागांवर आधारलेल्या रचना आणि गायला लता मंगेशकर व मन्ना डे! प्रयोग टिकला नाही. १९६५मध्ये ते अमेरिकेला निघून गेले. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तले गाणे ही प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा होती. ते गाणे देशाला पाठ आहे, गुरू कोण हे मोजक्यांना माहीत.

१५/
हिंगोलीकडे वळताना आणखी एक गोष्ट. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जन्टची छावणी होती. १९०३पर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटण येथे कवायत करीत असे. कवायत म्हटली की बिगूल आणि ढोल आलेच. भारतभर छावणीच्या बँडमधून लग्नाचा बँड जन्मला, हे संगीत-इतिहासकारांनी सविस्तर दाखवले आहे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही सिम्फनी वाद्यवृंदातली किंवा तिच्या शेजघरातली वाद्ये. जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांत वरातीपुढे ती वाजतात. वाजवणाऱ्यांच्या अंगावर झगमगता गणवेश असतो आणि पंगतीत त्यांना शेवटी बसवले जाते. 'आपली संस्कृती' या विषयावरच्या व्याख्यानात त्यांचा उल्लेख येत नाही. बहुधा तेही 'परके'च.

१६/
पेटीचे काय? हार्मोनियम हे पॅरिसचे अपत्य. देबेंने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. नाट्यसंगीत, कीर्तन, भजन, सगळे तिच्यावर उभे आहे. तरी १ मार्च १९४०पासून आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि १९७१नंतर ती टप्प्याटप्प्याने सैल केली. कारण काय, तर ती परकी आणि श्रुतींना मारक. बंदीच्या बाजूने ज्यांनी हिरिरीने लिहिले त्यांत जॉन फोल्ड्स हा आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरचा इंग्रज होता. तो स्वतः मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदातला चेलोवादक. १९०८-०९च्या सुमारास त्याने चेलो कॉन्चेर्टोही लिहिला होता. भारतीय संगीत शुद्ध राखण्यासाठी एक इंग्रज पेटीला हाकलतो आणि नर्सीचा भजनकरी तीच पेटी उराशी धरून अभंग म्हणतो. यातला अस्सल देशी कोण, हे शुद्धतावाद्यांनी एकदा ठरवून सांगावे.

१७/
'नामदेवांच्या भूमीत' या शब्दांनी पहिला नकार सुरू होतो, म्हणून नामदेवांकडेच जावे. परंपरेने त्यांचे जन्मगाव नर्सी, जिल्हा हिंगोली, साल १२७०. हा शिंपी कीर्तनाचे सूर घेऊन पंजाबात गेला. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत, ती रागांत गायली जातात. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचे स्थान आहे. २०१५चे मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. घुमानच्या लोकांनी 'हे मराठवाड्याचे, आमच्या मातीत याचे काय काम' असे म्हटले असते तर?

१८/
आणि औंढ्याची कथा. नागनाथाच्या देवळासमोर नामदेव कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांनी जातीवरून त्यांना हटकले आणि मागे जायला सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरल्याचा उल्लेख नामदेवांच्या गुरू ग्रंथ साहिबमधल्या पदातही येतो. कथेकडे चमत्कार म्हणून पाहावे की रूपक म्हणून, हा प्रत्येकाचा प्रश्न. सातशे वर्षे ती सांगणाऱ्या लोकांचा निवाडा मात्र स्पष्ट आहे : गाण्यापासून कोणाला दूर ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार पुजाऱ्यांचा नाही.

१९/
आजचे पुजारी दुसऱ्या नकाराचे. एनसीपीए ही संस्था १९६९ साली स्थापन झाली. नरिमन पॉइंटला, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर तिचे संकुल आहे. २००६मध्ये खुशरू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तेथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापला. काम दर्जेदार आहे. झाकिर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंदासाठीचा 'पेशकार' २०१५ साली त्यांनीच प्रथम सादर केला आणि २०१९मध्ये ब्रिटनचा दौराही केला. या मंडळींना तुच्छ लेखण्याचे काही कारण नाही.

२०/
परंतु नाव 'भारताचा' असलेल्या या वाद्यवृंदात आरंभी भारतीय वादक मूठभर होते. बहुसंख्य आसनांवर परदेशी, त्यातही अनेक कझाक. कारण म्हणून सांगितले गेले की भारतात तेवढ्या तयारीचे वादकच नाहीत. खरे आहे. पण कझाकस्तानात ते कोठून आले? तो तर गवताळ मैदानांत भटकणाऱ्या पशुपालकांचा मुलूख. त्यांचे वाद्य दोन तारांचे दोंब्रा. विसाव्या शतकात तेथे सरकारी संगीतशाळा निघाल्या आणि दोन-तीन पिढ्यांत तो देश वादक निर्यात करू लागला. सोव्हिएत राजवटीचे अपराध लहान नव्हते, पण 'मेंढपाळाची मुले ऐकणार काय' हा प्रश्न तिने विचारला नाही.

२१/
म्हणून 'श्रोता नाही' हे कारण नसून परिणाम आहे. चास्लाव, माजोर्डा, अल्माटी. तीन ठिकाणे, तीन निरनिराळ्या सत्ता, निरनिराळे हेतू. समान धागा एकच : शाळेतल्या मुलाच्या हातात वाद्य देणारा पगारी शिक्षक. मुंबईची जनशताब्दी आता हिंगोलीपर्यंत येते. साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतर. वाद्यवृंद त्या गाडीने एकदा आला, बी मायनर कॉन्चेर्टो आणि नववी सिम्फनी वाजवून गेला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, तर आनंदच. पण तेवढ्याने काही बदलणार नाही. एका संध्याकाळच्या पाहुणचारातून चेलोवादक घडत नसतो.

२२/
येथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या जिल्ह्यात शेतकरी कर्जापायी गळफास घेतो आणि गोंधळी, वासुदेव, शाहीर उतारवयात मानधनासाठी खेटे घालतात, तेथे चेलोची भाषा म्हणजे थट्टा नव्हे काय? चेलोच पाहिजे असा हट्ट असेल, तर होय, थट्टाच. पण जो संगीतशिक्षक नसल्यामुळे कळमनुरीच्या मुलीला चेलो ठाऊक नाही, तोच नसल्यामुळे तिला संबळही शिकता येत नाही. परके विरुद्ध देशी असे भांडण लावून दिले की या रिकाम्या खुर्चीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

२३/
ती खुर्ची कायद्यात आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडावी. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असतील, तर शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे तिच्यात लिहिले आहे. कलाशिक्षणात संगीत येते. म्हणजे मागणी नव्या योजनेची नाही, नव्या सभागृहाचीही नाही. संसदेने पूर्वीच मान्य केलेल्या जागेची आहे.

२४/
हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. या पाच तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या किती शाळांना ही तरतूद लागू होते, त्यांपैकी किती ठिकाणी कला-निदेशक नेमला आहे आणि त्यांतले किती संगीताचे आहेत, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज साध्या कागदावर चालतो. शुल्क दहा रुपये.